फुकटचा पहारेकरी

पायवाल्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुकानातून आणलेली साखर ते घरी पुन्हा तोलत. डॉक्टरांनी दिलेली गोळी चष्म्यावर चष्मा चढवून वाचत. घराला कुलूप लावलं की ओढून बघत, चार पावलं जात, परत येऊन पुन्हा ओढत. तिसऱ्यांदा ओढताना बायकोकडे अशा काही नजरेनं बघत, जणू मधल्या दोन मिनिटांत तिनंच ते उघडून ठेवलं असावं.

पण आता गंमत बघा. ह्याच संशयी स्वभावावर निदान चारशे माणसं चालत होती. अगदी खरोखर, पावलं टाकत चालत होती. कृत्रिम पाय बनवायचं त्यांचं काम, म्हणून लोक त्यांना पायवाले म्हणत. त्यांनी बनवलेला पाय बोचत नाही, सालटी काढत नाही, चार महिन्यांनी कपाटात जाऊन बसत नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्याचं कारण विचारलं तर ते म्हणत, "मी कुणावर विश्वास ठेवत नाही. स्वतःवरसुद्धा नाही."

ह्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं नव्हतं. पण ते पुढे.

त्यांच्या कारखान्यात मापाची एक रीत होती. समोरच्या खोलीत, जिथे दोन आडव्या दांड्या आणि पलीकडे उंच आरसा होता, तिथे आलेल्या माणसाला उंच स्टुलावर बसवायचं. कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागावर पेन्सिलीनं सहा खुणा करायच्या. आधी पायवाल्यांनी टेपनं सहा ठिकाणचा घेर मोजायचा, आकडे आपल्या कागदावर लिहायचे आणि कागद पालथा घालायचा. मग त्यांच्या बायकोनं मोजायचं आणि तिच्या कागदावर लिहायचं. तोपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. मग दोघांनी आळीपाळीनं, एकमेकांना न दाखवता, आकडे संगणकात भरायचे. दोन्ही मापं जुळली की पडद्यावर हिरवी खूण येई आणि काचेपलीकडचं यंत्र फोमच्या ठोकळ्यातून साचा कोरायला लागे. जुळली नाहीत तर लाल. पुन्हा मोजा.

"नवरा-बायकोचं एकमत झालेलं ह्या गावात फक्त इथेच बघायला मिळतं," असं ते आलेल्या माणसाला हसवायला म्हणत. बायको म्हणे, "तेही न बोलता राहिलो म्हणून."

हा संगणकातला प्रोग्राम बनवला होता त्यांच्या धाकट्या भावानं. सहा वर्षांपूर्वी. तो वेगळ्याच डोक्याचा, हुशार, आणि दादावर जीव टाकणारा. पण पायवाल्यांनी त्याच्या प्रोग्रामवरून निघालेला प्रत्येक साचा महिनोन् महिने हातानं पुन्हा मोजला, तोही आलेल्या माणसांच्या देखत. एक दिवस धाकटा म्हणाला, "दादा, बास कर की रे." पायवाले म्हणाले, "माझ्या टेबलावर माझीच पद्धत चालणार. तुझा हात नको इथे." धाकट्यानं हात काढून घेतला. दूरच्या शहरात नोकरी धरली. प्रोग्राम मात्र राहिला, आणि सहा वर्षं एकदाही आजारी पडला नाही. पायवाले तोंडानं कधी कौतुक करत नसत, पण कुणी संगणकाच्या तक्रारी सांगू लागलं की म्हणत, "आमचा कधी अडत नाही. घरच्या माणसानं केलेला आहे."

त्या मंगळवारी सकाळी तो अडला.

दुपारी दोनला ड्रायव्हरबाई यायच्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. तात्पुरता पाय दिला होता, पण उरलेला पाय आता सुकून बारीक झाला होता आणि तो जुना पाय चपलेसारखा फटक फटक वाजत होता. शुक्रवारी दहा वाजता बसडेपोचा डॉक्टर त्यांची चाल बघणार होता. नव्या बसला क्लच नव्हता, डाव्या पायाला चालवताना काम नव्हतं. पण पायऱ्या चढता-उतरता आल्या पाहिजेत, उभं राहता आलं पाहिजे. नाही आलं, तर त्यांची फेरी कायमची दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे मंगळवारी माप, बुधवारी साचा आणि प्लास्टिक, गुरुवारी पाय अंगाला. एक दिवसही इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

आणि पडद्यावर लाल चौकट उभी. गंभीर धोका सापडला. प्रोग्राम अलग ठेवण्यात आला आहे.

भाचीला बोलावणं गेलं. बायकोच्या बहिणीची मुलगी ही. दोन गल्ल्या पलीकडे तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान. ती आली, खुर्चीवर बसली, खुर्ची एका बाजूला कलली.

"काका, पायवाल्यांच्या घरात खुर्ची लंगडी?"

"खुर्चीचं नंतर बघू. माझा प्रोग्राम कुणी कोंडला ते सांग."

"संगणकातल्याच पहारेकऱ्यानं. अँटिव्हायरसनं."

"आपण दरवर्षी ज्याचे पैसे भरतो, तो?"

"तो नाही. त्याची मुदत रविवारी संपली. तो झोपला की आतला आपोआप जागा होतो. हा सगळा संगणक ज्या प्रणालीवर चालतो ना, ती बनवणाऱ्या कंपनीचाच असतो तो. संगणकाबरोबर फुकट येतो."

'फुकट' म्हटल्यावर पायवाल्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"म्हणजे घर त्यांनी बांधलं, आणि पहारेकरीही त्यांचाच?"

"हो."

"आणि फुकट."

"फुकट."

"मग पाणी मुरतंय."

आतल्या टेबलाशी सुती मोज्यांच्या घड्या घालणारी बायको म्हणाली, "झालं सुरू."

"तू थांब गं. विचार कर जरा. ह्यांनी भिंतीत भोकं ठेवलीच नसती तर पहारेकरी कशाला लागला असता? म्हणजे एक तर स्वतःच्या भोकांची लाज वाटते म्हणून दिला. नाहीतर हा पहारेकरी रस्त्याकडे पाठ आणि आपल्या खोलीकडे तोंड करून उभा आहे."

"काका, गाडी बनवणारा ब्रेक देतोच ना?" भाची म्हणाली. "की ब्रेक तुम्ही बाहेरून आणून बसवता? ज्यानं घर बांधलं त्याला त्याची भोकं सगळ्यांत आधी कळणार. आणि तुमच्यासारखे भरतात तरी. जे भरत नाहीत, त्यांनी उघड्यावर राहायचं?"

पायवाले म्हणाले, "ब्रेक माझ्या गाडीत कुणाला बसू द्यायचं ते ठरवत नाही."

भाचीनं मान हलवली. "हे मात्र बरोबर बोललात."

"बरोबरच बोलतो मी. सहा वर्षं बाहेरचा पहारेकरी होता. त्यानं कधी हूं की चूं केलं? आणि हा पहिल्याच दिवशी येतो काय, माझ्या भावाच्या मानगुटीला धरतो काय! कारण उघड आहे. ह्यांना ह्यांच्याच दुकानातले प्रोग्राम चालायला हवेत. घरगुती माणसानं बनवलेलं काही दिसलं की पकड, कोंड."

"होतं असं कधीकधी. एकट्यादुकट्यानं बनवलेला, कुणाच्या ओळखीचा नसलेला प्रोग्राम असला की उगाच चोर ठरतो. पण बाहेरचेही काही संत नाहीत हं. त्यांचं पोट तुमच्या भीतीवर. महिन्यातून चारदा 'धोका, धोका' म्हणून ओरडले नाहीत तर पुढच्या वर्षी कोण भरेल?"

पायवाल्यांनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तू ह्या कंपनीची एजंट तर नाहीस?"

"एजंट असते तर धड खुर्ची असलेल्या घरी गेले असते."

बायको हसली. पायवाले हसले नाहीत. घड्याळात साडेनऊ झाले होते. पडद्यावर दोन बटणं होती, एकावर 'काढून टाका', दुसऱ्यावर 'परवानगी द्या'. त्यांनी बोट दुसऱ्याकडे नेलं.

"एक मिनिट," भाचीनं त्यांचा हात धरला. "का पकडलं ते तरी वाचू. तुम्ही एवढे साखर तोलणारे, आणि हे न वाचता सोडणार?"

हा टोला बरोबर बसला. त्यांनी हात मागे घेतला.

भाचीनं वाचलं. तिचा चेहरा बदलला. पुन्हा वाचलं. "काका, हा म्हणतोय, हा प्रोग्राम दुसऱ्या संगणकाकडून हुकूम घेतो."

"कुणाचे हुकूम?"

"ते ह्याला माहीत नाही. रोज सकाळी कुठेतरी बाहेर विचारतो, काही काम आहे का. आणि सांगितलं तर करतो."

"खोटं. मग जुन्या पहारेकऱ्याला सहा वर्षांत दिसलं नाही?"

भाचीनं झोपलेला जुना अँटिव्हायरस उघडला. त्यात एक यादी होती: ह्यांना तपासू नये. यादीत एकच नाव, धाकट्याच्या प्रोग्रामचं. पुढे तारीख, सहा वर्षांपूर्वीची. प्रोग्राम बसवला त्याच दिवसाची.

"जुना आपणहून गप्प नव्हता, काका. त्याला गप्प बसवलं होतं. कंपनीच्या पहारेकऱ्याला ही यादी ठाऊक नाही, म्हणून त्यानं पकडलं."

काचेपलीकडे कोरायचं यंत्र पांढऱ्या भुकटीत गप्प उभं होतं. माणसाचं मन मोठं विचित्र. परक्या कंपनीवर तासभर तोंडसुख घेताना पायवाल्यांना जे जे सुचलं होतं, घर, भोकं, खोलीकडे तोंड करून उभा असलेला माणूस, ते सगळं आता एकेक करून त्यांच्याच भावाच्या अंगाला जाऊन चिकटू लागलं. कंपनीवरचा संशय कसा गारेगार असतो. कोट घालावा तसा घालता येतो. हा तसा नव्हता. हा काढून ठेवता येत नव्हता.

"काय हुकूम घेतले, ते कळेल?" त्यांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

"प्रोग्राम न चालवता त्याची नोंदवही उघडता येईल." भाचीनं उघडली. तारखा आणि पुढे एकेक ओळ. धाकट्याचीच भाषा, तुटक. यंत्राचा वेग सुधारला. अडकलेली फाइल मोकळी केली. पंख्याची वेळ बदलली. असे एकवीस हुकूम. पायवाले एकेक तारीख वाचत गेले. म्हणजे आमचा कधी अडत नाही, असं ज्या ज्या वर्षी छातीठोक सांगितलं, त्या त्या वर्षी तो अडला होता. आणि दूरच्या शहरात बसून कुणीतरी तो सोडवत होतं, न सांगता.

"म्हणजे चोर नाही," बायको हळूच म्हणाली.

"शेवटची ओळ वाच," पायवाले भाचीला म्हणाले.

भाची वाचायला कां कूं करू लागली. मग त्यांनी स्वतःच चष्मा लावला. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. फरक असल्यास दुसरं माप धरावं. खूण हिरवीच दाखवावी.

पहिलं माप त्यांचं. दुसरं बायकोचं.

त्यांनी मान वळवली. बायकोच्या हातातल्या मोज्याची घडी अर्धीच राहिली होती.

"तुला माहीत होतं."

"हो."

"तू सांगितलंस त्याला."

"मीच फोन केला होता. आठवतं तुम्हाला? त्या वेळी रोज लाल खूण यायची. रोज. तुम्ही टेप बदलला. मग दुसरा बदलला. टेपवाल्या कंपनीला पत्र लिहिलंत, की तुमचा रबर सैल झालाय. तिसरा टेप आणला आणि लाल खूण थांबली, तर तुम्ही आठवडाभर मला सांगत होतात, बघ, अखेर चांगला टेप मिळाला. टेपाचं काही नव्हतं हो."

"मग कशाचं होतं?"

भाची उगाच पडद्याकडे बघत राहिली.

पायवाले उठले. मांडणीवरचा प्लास्टरचा एक जुना पाय त्यांनी टेबलावर आणून ठेवला. टेप गुंडाळला, मोजला, टेप तिच्यापुढे टाकला. "मोज."

तिनं मोजलं. दोघांचा आकडा एकच आला.

"बघ! काय झालंय माझ्या मापाला?"

"प्लास्टर दबत नाही," बायको म्हणाली. "माणूस दबतो." आणि तिनं बाही वर सरकवून आपला हात टेबलावर ठेवला.

त्यांनी कोपराखाली पेन्सिलीची खूण केली आणि मोजलं. बावीस आणि एक रेघ. पुन्हा मोजलं. बावीस. तिसऱ्यांदा, बावीस आणि दोन रेघा. मग भाचीनं मोजलं. साडेबावीसच्या पुढे. बायकोनं आपल्याच दुसऱ्या हातानं मोजलं. तेच, साडेबावीसच्या पुढे. पायवाले टेपाला दोष द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तिथे टेपाच्या रुंदीचा लाल पट्टा उमटला होता, बांगडीसारखा. त्यांचा टेप जिथे जिथे बसला होता, तिथे तिथे. त्यांच्या बोटांना मात्र त्या ओढीची काही खबर नव्हती.

त्यांनी आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. अंगठ्यानं तर्जनी दाबली. कितीतरी महिने सकाळी बोटं झोपल्यासारखी वाटत, ते त्यांना आठवलं. थंडी आहे, प्लास्टर वाईट आहे, नवा साबण आहे, असं म्हणून त्यांनी ते कुणाकुणाच्या माथी मारलं होतं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. दहा बोटं तेवढी राहिली होती.

"देवा," ते म्हणाले आणि लंगड्या खुर्चीवर न बसता थेट दाराच्या पायरीवर बसले.

बायको शेजारी येऊन बसली. "तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"म्हणून नाही सांगितलं."

"ते चुकलं तुझं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, पण माघारही नव्हती. "पासष्ट माणसं आली ह्या चौदा महिन्यांत. प्रत्येकाला मी सांगितलं, दोघांनी मोजलंय, दोघांचं जुळलंय, निर्धास्त जा. आणि मोजलं होतं एकटीनं. तुझा हात कधी चुकला असता तर?"

"खरं आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

धाकट्याला फोन त्यांनी स्वतः लावला. सहा वर्षांत फोन नेहमी बायको लावायची आणि शेवटी दोन मिनिटं त्यांच्या हातात द्यायची.

"वहिनी, बोला," पलीकडून आवाज आला.

"वहिनी नाही. मी आहे."

"दादा? सगळं ठीक ना?"

"प्रोग्राममध्ये ठेवलेली तुझी चोरखिडकी सापडली."

धाकट्यानं लांब श्वास घेतलेला ऐकू आला. "कुणी पकडली?"

"संगणकाच्या कंपनीनं. फुकटच्या पहारेकऱ्यानं. सकाळपासून मी त्यांना शिव्या देतोय."

"दादा, मला कसलाही फायदा..."

"ते कळलं. एकवीस ओळी वाचल्या. तू मला एकवीस वेळा वाचवलंस, आणि एकवीस वेळा माझ्या पाठीमागून घरात आलास. ती माणसं आपलं उघडं अंग घेऊन माझ्याकडे येतात रे. तुझ्याकडे नाही. त्यांची मापं तुला दिसत होती?"

"दिसली असती. मी बघत नव्हतो. वहिनींचा फोन आल्यावर मात्र बघितली." मग तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू हात लावू दिला असतास?"

"आज सकाळपासून सगळे मला हाच एक प्रश्न विचारताहेत."

"मग उत्तर काय देतोस?"

"नाही, हेच देतोय. खरं तेच सांगणार. पण म्हणून तू खिडकीतून यायचं नाही. आणि लाल असेल तर लालच दिसलं पाहिजे मला. दोन वाजता एक बाई येतायत. त्यांची नोकरी अडकलीय शुक्रवारी. काय करू शकतोस?"

"दुसरा देतो. त्यातून ते सगळं काढतो, खिडकीपण, शेवटचा हुकूमपण. एक वाजेपर्यंत पाठवतो." मग जरा अडखळून, "आणि पुढे बिघडला तर?"

"तर फोन करीन."

"तू करशील?"

"विश्वास बसत नाही ना? नको ठेवूस."

धाकटा एकदम हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज वेगळाच झाला, म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला.

एकला पाच मिनिटं कमी असताना नवा प्रोग्राम आला. कंपनीच्या पहारेकऱ्यानं तो तपासायला घेतला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. सगळे त्याच्याकडे निकालाच्या दिवशी बघावं तसे बघत राहिले. मग गोल थांबला. धोका आढळला नाही.

"आता का सोडलं?" पायवाल्यांनी विचारलं.

"आता लपवलेलं काही नाही म्हणून."

"म्हणजे कंपनी बरोबर होती."

"ह्या वेळी होती."

"हे बरं बोललीस. आणि ज्या दिवशी ती चुकेल, किंवा कुणाला मुद्दाम चोर ठरवील, त्या दिवशी तिला कोण पकडणार? घर तिचं, पहारा तिचा, आणि चोर कोण हे सांगणारीही तीच."

भाचीनं डोकं खाजवलं. "म्हणून बाहेरचे तपासणारेही जगले पाहिजेत. तिनं पहारेकरी द्यावा, जरूर द्यावा. पण तो एकटाच उरला तर अवघड."

"मग आतला राहू दे जागा. आणि आठवड्यातून एकदा बाहेरच्याकडून तपासून घे. दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही. आणि ती 'ह्यांना तपासू नये' यादी रिकामी ठेव. त्यात कुणाचंच नाव नको. माझंसुद्धा."

दोनला ड्रायव्हरबाई आल्या. दणकट आवाजाच्या, कपाळावर आठी आणि तोंडात थट्टा. "काय हो, आज अगदी सुतकी चेहरे? माझा पाय विकलात की काय दुसऱ्याला?"

स्टुलावर बसवून सहा खुणा झाल्या. पायवाल्यांनी टेप उचलला, हातात धरला, आणि खाली ठेवला.

"बाई, एक सांगायचंय. माझ्या बोटांतली जाण गेलीय. टेप किती ओढला जातो ते मला कळत नाही. माझं माप धरलं तर पाय घट्ट होईल, तुम्हाला टोचेल. तुमचा जुना पाय केला तेव्हाही माझं माप चुकलेलंच असणार. तो बायकोच्या मापावर झालाय. मला आज सकाळी कळलं."

बाईंची थट्टा गळाली. त्यांनी नवऱ्याकडून बायकोकडे आणि परत नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पायवाल्यांनी लगेच ओळखलं. आयुष्यभर ते स्वतःच तसं बघत आले होते.

"मग आता मी कुणावर भरवसा ठेवू? शुक्रवार आहे माझा."

"कुणा एकावर नका ठेवू. एक माप ही घेईल. दुसरं..." ते अडले. भाचीचा हात ह्या कामात नवा. उघड्या, दुखऱ्या पायावर तो चालणार नाही. मग त्यांनी टेप उचलून ड्रायव्हरबाईंच्याच हातात दिला. "दुसरं तुम्ही घ्या. टेप किती लागतोय ते आमच्यापैकी कुणाहीपेक्षा तुम्हाला चांगलं कळेल. आतून कळेल."

"मी? माझ्याच पायाचं?"

"मी शिकवतो. टेप कातडीला भेटला पाहिजे, चावला नाही पाहिजे. श्वास सोडा. आता आकडा वाचा, पण मला सांगू नका. हिलाही नाही."

त्या पहिल्यांदा चुकल्या, दुसऱ्यांदा टेप तिरका गेला. पायवाले हात मागे बांधून उभे होते. एकदाही पुढे झाले नाहीत, जरी दोनदा त्यांचे खांदे पुढे आले. तिसऱ्या खेपेला बाईंचा हात बसला. सहा आकडे. कागद पालथा. मग बायकोनं मोजलं. सहा आकडे. कागद पालथा.

आकडे भरले. पाच ठिकाणी जुळलं. चौथ्या खुणेला लाल.

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

पायवाल्यांचा चेहरा मात्र उजळला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या पडद्यानं त्यांना खरं सांगितलं होतं. "छान! आता पुन्हा मोजा. दोघी."

ह्या वेळी बायकोचाच आकडा चुकलेला निघाला. खूण पुसट झाली होती आणि टेप बोटभर वर गेला होता. ती ओशाळून हसली. दुरुस्त आकडा भरला. हिरवी खूण आली, आणि काचेपलीकडे यंत्रानं फोमच्या ठोकळ्याला पहिला चरा पाडला.

गुरुवारी पाय अंगाला लागला. दोन दांड्यांच्या मधून ड्रायव्हरबाई आरशापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या.

"टोचतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही हो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. परत जा, परत या." सहा फेऱ्या झाल्यावर त्यांनी पाय काढायला लावला आणि खाली बसून, चष्मा लावून, कातडी निरखली. कुठे पट्टा नव्हता, कुठे वळ नव्हता. सगळीकडे सारखी गुलाबी. तरी त्यांनी बायकोला बोलावून तिलाही बघायला लावलं. तिनं पाहिलं आणि मान डोलावली.

शुक्रवारी साडेअकराला फोन वाजला. बाईंचा आवाज इतका मोठा, की शेजारी उभ्या बायकोलाही ऐकू आला.

"अहो, डेपोच्या डॉक्टरनं विचारलं, नवा पाय कधी बसवला? म्हटलं काल. त्याचा विश्वासच बसेना! चालवलं, उभं केलं, बसच्या पायऱ्या चारदा चढायला लावल्या, आणि मग पाय काढून कातडी बघितली."

"शहाणा माणूस आहे," पायवाले म्हणाले. "मग?"

"सोमवारपासून सकाळची फेरी."

"कागदावर लिहून दिलंय का त्यानं?"

"दिलंय, दिलंय."

"सही आहे खाली?"

"अहो, तो फोन द्या इकडे," बायको म्हणाली आणि तिनं तो त्यांच्या हातातून घेतला.